जादुई वस्तू कशा निवडाव्यात? कोकणातल्या डी अँड डी खेळाडूंसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ. आपल्याकडच्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) नकाशा काढायला घेतला की त्यात खाडी, जलदुर्ग आणि एखादं गलबत येतंच. त्यामुळे इतरांनी केलेल्या "सर्वोत्तम जादुई वस्तूं"च्या याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. तळघरात अव्वल ठरलेली तलवार भरतीच्या पाण्यात निम्मी होते आणि कुणी ढुंकूनही न पाहिलेली अंगठी तिथे जीव वाचवते. खालची उत्तरं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर आधारलेली आहेत. जिथे २०२४ चे नियम वापरले आहेत, तिथे तसं लिहिलं आहे.

वस्तूंची यादी उघडण्याआधी काय करायचं?

आपल्या कॅरॅक्टरची लढाईतली एक फेरी कागदावर लिहायची. ॲक्शन (मुख्य कृती), बोनस ॲक्शन (जोडीची छोटी कृती) आणि रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला उत्तर) असे तीन रकाने पाडा आणि नेहमीच्या फेरीत प्रत्येक रकान्यात काय जातं ते प्रामाणिकपणे भरा. रोग (Rogue) या चोरट्या वर्गाचा बोनस ॲक्शनचा रकाना कनिंग ॲक्शनने (चटकन पळणं, लपणं) भरलेला असतो आणि मंकचा (हाताने लढणाऱ्याचा) जादा ठोशांनी. पॅलाडिनचा (पवित्र योद्ध्याचा) तोच रकाना बऱ्याच फेऱ्यांत रिकामा असतो. म्हणून बोनस ॲक्शनने चालू होणारे बूट्स ऑफ स्पीड पॅलाडिनला फुकटात पडतात. मंकला मात्र ते चालू करताना त्या फेरीतले ठोसे सोडावे लागतात. वस्तू तीच, किंमत वेगळी.

वस्तू हातात घेतली की विचारायचं: ही मी कितव्या फेरीत वापरणार आणि ती नसती तर त्या फेरीत काय केलं असतं? उत्तर सुचत नसेल तर ती वस्तू दुसऱ्याकडे जाऊ द्या.

अट्यूनमेंट म्हणजे नेमकं काय, आणि तीनच का?

काही वस्तू आपल्याशी जोडून घेतल्याशिवाय पूर्ण काम करत नाहीत. त्यासाठी एक शॉर्ट रेस्ट, म्हणजे किमान एक तास, फक्त त्याच वस्तूवर लक्ष देऊन घालवावा लागतो. एका शॉर्ट रेस्टमध्ये एकच वस्तू जोडता येते. एकाच वेळी जास्तीत जास्त तीन वस्तू जोडलेल्या राहतात, आणि एकाच वस्तूच्या दोन प्रती कधीच नाहीत. वस्तू २४ तास १०० फुटांपेक्षा लांब राहिली, दुसऱ्याने ती जोडून घेतली, आपण तिची अट पूर्ण करेनासे झालो किंवा मेलो, तर नातं तुटतं.

खजिना वाढत जातो, या तीन जागा वाढत नाहीत. लेव्हल ५ पर्यंत त्या रिकाम्याच असतात, म्हणून खेळाडू मिळेल ते जोडत सुटतात. लेव्हल १० च्या पुढे प्रत्येक नवी वस्तू जुनीला बाहेर काढूनच आत येते. तेव्हा सुरुवातीपासून विनाअट्यूनमेंट वस्तूंकडे नजर ठेवावी.

मग अट्यूनमेंट न लागणाऱ्या चांगल्या वस्तू कोणत्या?

+१, +२, +३ शस्त्रं, ढाली आणि चिलखतं सगळ्यात आधी. त्यानंतर सेंटिनल शील्ड. ही इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम) आणि परसेप्शन (टेहळणी) दोन्हींवर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) देते आणि तरीही फक्त अनकॉमन आहे; रेअर ही दुर्मिळतेची त्यावरची पायरी. ढाल धरणाऱ्याने +१ ढालीआधी हिचा विचार करावा, निदान टेहळणी त्याच्याकडे असेल तर नक्कीच. ज्याला अंधारात दिसत नाही अशा मानवासाठी गॉगल्स ऑफ नाइट आहेत, ६० फुटांची डार्कव्हिजन. ब्रूम ऑफ फ्लाइंगचा वेग ५० फूट आहे, ४०० पौंडांपर्यंत वजन नेते, पण २०० पौंडांच्या वर वेग ३० फुटांवर येतो. विंग्ड बूट्सना अट्यूनमेंट लागतं आणि त्यांचं उड्डाण चार तासांचं. लढाईत दोन्ही हात मोकळे हवे असतील तर बूट, नाहीतर झाडू.

बॅग ऑफ होल्डिंग पार्टीत (खेळाडूंच्या गटात) एक पुरे. ती ५०० पौंड आणि ६४ घनफूट सामान घेते आणि तिचं स्वतःचं वजन कायम १५ पौंड राहतं. तिला पोर्टेबल होल या साठवणीच्या दुसऱ्या जादुई वस्तूत मात्र कधी टाकू नका. दोन्ही नष्ट होतात, ॲस्ट्रल प्लेन या दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि दहा फुटांतले सगळे आत ओढले जातात.

इम्मूव्हेबल रॉड गलबतावर कसा वागतो?

बटण दाबलं की रॉड हवेत जागच्या जागी थांबतो, गलबत पुढे निघून जातं. दोरखंडाने गलबत त्याला बांधून नांगर करण्याची कल्पना प्रत्येक टेबलावर कुणाला तरी सुचते. रॉड ८००० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ३६०० किलोपर्यंत भार पेलतो. त्याहून जास्त पडला की सुटून खाली पडतो. छोटी होडी धरेल, भरलेलं गलबत नाही. रॉड हलवायला डीसी ३० ची (फासा आणि भर मिळून गाठायचा आकडा) स्ट्रेंथ चेक लागते आणि यशस्वी झालं तरी तो दहा फूटच सरकतो. दोन रॉड असतील तर जलदुर्गाच्या तटाला आलटून पालटून लावत समुद्राच्या बाजूने वर चढता येतं. या वस्तूचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.

+१ तलवार घेऊ की फ्लेम टंग?

हिशेब मांडू. लेव्हल ५ चा फायटर, स्ट्रेंथ १८ (म्हणजे +४), प्रोफिशियन्सी (सरावाची भर) +३, हातात लाँगसोर्ड, समोर एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) १५ चा शत्रू. वीसमुखी फाशावर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के. एका वाराचं सरासरी नुकसान ८.५. क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावर नुकसानीचे दुप्पट फासे) धरून प्रत्येक प्रयत्नामागे ५.७५ पडतात.

+१ तलवारीने लागण्याची शक्यता ७० टक्के होते आणि नुकसान ९.५. प्रयत्नामागे ६.८८, म्हणजे जवळपास २० टक्के वाढ. "फक्त एक" म्हणून नाक मुरडण्यासारखं हे नाही. शिवाय अट्यूनमेंट लागत नाही.

फ्लेम टंग लागलेल्या प्रत्येक वारावर २डी६ (दोन सहामुखी फासे) आग देते, सरासरी ७. प्रयत्नामागे १०.६५, मूळच्या ८५ टक्के जास्त. दोन अटॅक असणाऱ्याला हा फरक दर फेरीत दोनदा मिळतो. ती रेअर आहे, अट्यूनमेंट लागतं आणि पेटवायला एक बोनस ॲक्शन जातो. तरीही जमिनीवर हिच्यापुढे +१ तलवार टिकत नाही.

आता हाच फायटर पाण्यात उतरवा. पोहण्याचा वेग नसलेल्याला पाण्याखाली लाँगसोर्डने डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान घेणं) असतो. डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, स्पिअर आणि ट्रायडंट यांना ही अडचण नाही. ६५ टक्के थेट ४२ वर येतात. पूर्ण बुडालेल्या प्रत्येकाला आगीपासून रेझिस्टन्स असल्याने फ्लेम टंगची आग निम्मी होते. याच फायटरच्या बोटात रिंग ऑफ स्विमिंग असेल तर ४० फुटांचा पोहण्याचा वेग मिळतो, डिसॲडव्हान्टेज जातो आणि ४२ चे पुन्हा ६५ होतात. लागणाऱ्या वारांत दीडपटीहून जास्त वाढ. ती अंगठी अनकॉमन आहे आणि अट्यूनमेंट मागत नाही. मोहीम पाण्याखालच्या भुयाराची असेल तर खजिन्यातून आधी ती उचलावी.

समुद्रावरच्या कॅम्पेनमध्ये आणखी काय घ्यावं?

आधी पार्टीत कुणाकडे वॉटर ब्रीदिंग आहे का ते विचारा. तिसऱ्या लेव्हलचा हा स्पेल दहा जणांना २४ तास पाण्यात श्वास देतो आणि रिच्युअल म्हणून (सावकाश विधीने) केला तर स्लॉटही (मंत्रांच्या मर्यादित खेपांपैकी एक) जात नाही. विझार्ड किंवा ड्रुइड तो जाणत असेल तर कॅप ऑफ वॉटर ब्रीदिंगवर एक नाणंही घालवू नका. नसेल तर टोपी घ्या, पण लक्षात ठेवा की हवेचा बुडबुडा पाण्यात गेल्यावर ॲक्शन खर्चून तयार करावा लागतो.

क्लोक ऑफ द मँटा रे श्वास आणि ६० फुटांचा पोहण्याचा वेग दोन्ही देतो, अनकॉमन, विनाअट्यूनमेंट. किनाऱ्यावरच्या खेळात इतक्या कमी दर्जाची याहून उपयोगी वस्तू सापडणं कठीण. मात्र क्लोक ऑफ प्रोटेक्शन वापरणाऱ्याने घेऊ नये, कारण दोन झगे एकावर एक घालून दोन्हींचा फायदा मिळत नाही. मरिनर्स आर्मर चालण्याइतकाच पोहण्याचा वेग देतं आणि शून्य हिट पॉइंट्सवर (अंगातली ताकद संपलेली असताना) पाण्यात असाल तर पाळीच्या सुरुवातीला ६० फूट वर आणतं. पुढच्या फळीत लढणाऱ्याला हे शोभतं.

धनुष्यवाल्यांची पाण्याखाली सगळ्यात वाईट अवस्था होते. नॉर्मल रेंजच्या पलीकडे बाण लागतच नाही, आत असला तरी डिसॲडव्हान्टेज. क्रॉसबो, जाळं आणि भाल्यासारखी फेकायची शस्त्रं सुटतात. लाँगबोवर +२ मिळवण्याआधी एक साधा क्रॉसबो पाठीला लावा.

डिकँटर ऑफ एंडलेस वॉटरबद्दल मतं टोकाची असतात. एका फवाऱ्याला ३० गॅलन, म्हणजे ११० लिटरच्या वर पाणी, गोडं किंवा खारं. वेढ्यात अडकलेल्या, विहीर नसलेल्या बेटावर ती तोफेपेक्षा मोलाची. पण डीएमने किल्ला सिंधुदुर्गावर बेतला असेल, जिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, तर ती नुसती सोय होते. किल्ल्याची चौकशी करूनच खरेदी करा.

एसी वाढवणाऱ्या वस्तू कुणाला द्याव्यात?

ज्याचा एसी आधीच चांगला आहे त्याला. ऐकायला उलटं वाटतं, पण +६ अटॅकच्या शत्रूचे १०० वार घ्या. एसी १२ वर ७५ लागतात, १३ वर ७०. मार पंधराव्या हिश्शाने कमी झाला. एसी २२ वर २५ लागतात, २३ वर २०, म्हणजे मार पाचव्या हिश्शाने कमी. एसी २६ ला फक्त नैसर्गिक २० लागतो, त्यापुढे या शत्रूसमोर वाढवलेला एसी वाया.

+१ ढाल अनकॉमन आहे आणि +१ चिलखत रेअर, फायदा एकसारखाच. ढाल आधी. क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन नावं वेगळी असल्याने एकत्र चालतात, पण +२ साठी दोन जागा जातात. त्यांची खरी किंमत सेव्हिंग थ्रोवरच्या (धोका टाळायला टाकायच्या फाशावरच्या) वाढीत आहे. पॅलाडिनकडे दोन्ही छान, विझार्डकडे एक पुरे. ब्रेसर्स ऑफ डिफेन्स चिलखत आणि ढाल दोन्ही नसतील तरच चालतात, म्हणून मंकला द्या. ढाल धरणाऱ्या बार्बेरियनला त्यांचा उपयोग नाही.

गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर मिळणार म्हणून स्ट्रेंथ ८ ठेवू का?

मोह खरा आहे. पॉइंट बायच्या (गुण खर्चून क्षमता ठरवण्याच्या) २७ गुणांपैकी १५ चा आकडा ९ गुण खातो, म्हणजे एक तृतीयांश. गॉन्टलेट्स स्ट्रेंथ थेट १९ करतात. आधी १६ असेल तर मॉडिफायर (फाशावरची भर) एकाने वाढतो, ८ असेल तर पाचने, २० असेल तर शून्याने. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ही वस्तू सगळ्यात जास्त देते.

अडचण मधल्या काळाची आहे. मिळेपर्यंत चेन मेलला १३ आणि प्लेटला १५ स्ट्रेंथ लागते, नसेल तर वेग दहा फुटांनी कमी. पाठीवर १२० पौंडांच्या वर नेता येत नाही. अँटीमॅजिक फील्डमध्ये (जादू बंद पाडणाऱ्या क्षेत्रात) सापडलात की लढवय्या एका क्षणात लुळा पडतो. कॅरॅक्टर लेव्हल ८ ला सुरू होत असेल आणि डीएमने वस्तू लिहून दिली असेल तर खुशाल ८ ठेवा. लेव्हल १ ला ही पैज खेळू नका.

अम्युलेट ऑफ हेल्थ, ज्याने कॉन्स्टिट्यूशन १९ होतं, पुष्कळदा पुढच्या फळीला दिलं जातं. कॉन्सन्ट्रेशन धरणाऱ्या (मंत्र चालू ठेवायला लक्ष टिकवणाऱ्या) कॅस्टरला, म्हणजे मंत्र टाकणाऱ्याला, ते जास्त लाभतं. १४ वरून १९ म्हणजे डीसी १० ची सेव्ह ६५ वरून ७५ टक्के, आणि लेव्हल ८ ला १६ हिट पॉइंट्स वर.

वाँडचे चार्ज साठवावे की उडवावे?

उडवावे, पण शेवटचा जपून. वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स या जादूच्या कांडीत ७ चार्ज (वापरायच्या खेपा) असतात, पहाटे १डी६+१ (एक सहामुखी फासा अधिक एक) परत येतात, सरासरी साडेचार. सातच्या वर जात नाहीत. रात्री सातही शिल्लक असतील तर पहाटेची भर फुकट गेली. दिवस संपताना एक किंवा दोन उरावेत असा खर्च ठेवा. शेवटचा वापरला की वीसमुखी फासा टाकायचा, १ आला तर वाँडची राख. पाच टक्के धोका एकदा चालतो, रोज घेतला तर महिन्याभरात वाँड जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा मोठी होते.

एक चार्ज तीन बाण देतो, सरासरी १०.५, आणि ते चुकत नाहीत. पुढचा प्रत्येक चार्ज फक्त ३.५ ची भर घालतो. चार्जच्या हिशेबाने एकेक वापरणं फायद्याचं, फेरीच्या हिशेबाने नाही. पळणाऱ्या शत्रूला याच फेरीत पाडायचं असेल तर सातही ओतून नऊ बाण सोडा, ३१.५.

वाँड ऑफ फायरबॉल्सचा डीसी १५ असा ठरलेला आहे. तुमचा स्वतःचा डीसी १३ असताना तो वरदान आहे, १८ असताना जागा अडवणारा. स्टाफ ऑफ फायर तुमचाच डीसी वापरतो, म्हणून तो जुना होत नाही.

वाँड ऑफ द वॉर मेज प्रत्येक कॅस्टरला लाभते का?

नाही. ती फक्त स्पेल अटॅकवर (नेम धरून मारायच्या मंत्रांवर) भर घालते, शत्रूने सेव्ह करायच्या मंत्रांच्या डीसीवर नाही. एल्ड्रिच ब्लास्ट मारणाऱ्या वॉरलॉकला घ्या. फायरबॉल आणि वेब टाकणाऱ्या विझार्डने तीच जागा पर्ल ऑफ पॉवरला द्यावी, रोज तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा एक स्लॉट परत मिळतो.

शापित वस्तू ओळखायची कशी?

आयडेंटिफाय या ओळख पटवण्याच्या मंत्राने बहुतेक शाप कळत नाहीत, तो भ्रम सोडा. अनोळखी शस्त्र जोडण्याआधी रिमूव्ह कर्स (शाप काढण्याचा मंत्र) जाणणारा सोबत आहे ना, एवढं पाहा. वस्तू समजून घेण्याचा शॉर्ट रेस्ट आणि जोडण्याचा शॉर्ट रेस्ट वेगळे असतात. घाईत दोन्ही एकात उरकता येत नाहीत.

वाटणी कशी करावी, म्हणजे भांडण होणार नाही?

"कुणाला हवी" असं विचारू नका, "कुणाची फेरी बदलते" असं विचारा. दोघांची बदलत असेल तर ज्याच्या तीन जागांत मोकळी आहे त्याला. वेपन ऑफ वॉर्निंग याला अपवाद. ती ३० फुटांतल्या सगळ्या साथीदारांना अचानक हल्ल्यापासून वाचवते, म्हणून ती नेहमी मधोमध चालणाऱ्याकडे असावी, तो ती उपसो वा न उपसो.

वस्तू विकत घ्यावी की बनवावी?

२०२४ च्या नियमांत अनकॉमन ४०० सुवर्णनाण्यांना, रेअर ४००० ला. बनवली तर निम्मा खर्च: अनकॉमनला १० दिवस आणि २००, रेअरला ५० दिवस आणि २०००. आर्केना (जादूविद्या) आणि त्या कामाच्या हत्यारांची प्रोफिशियन्सी हवी.

दिवस आणायचे कुठून, तर पावसाळ्यातून. महाराष्ट्रात आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खेळातही मिरगाला गलबतं वर ओढा आणि हे ६१ दिवस डाउनटाइम (साहसांमधला मोकळा वेळ) म्हणून द्या. एका कारागिराची एक रेअर वस्तू त्यात बसते, किंवा सहा अनकॉमन. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडेल तेव्हा पार्टी नव्या सामानानिशी निघेल. डीएमलाही आधीच ठाऊक राहतं की वर्षाला किती वस्तू वाढणार.

भरती-ओहोटीवर चालणारी वस्तू डीएमला बनवता येईल का?

जरूर, फक्त चार्ज कधी भरतात यावर तिची ताकद ठरते हे विसरू नका. भरतीचं चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं, म्हणजे दिवसाला बहुधा दोन भरत्या. तीन चार्ज दर भरतीला पूर्ण भरले तर दिवसाला सहा झाले, पहाटे भरणाऱ्या वस्तूच्या दुप्पट. दर भरतीला एकच चार्ज, उधाणाला तिन्ही आणि अष्टमीच्या आसपास भांगाच्या (सगळ्यात कमी भरतीच्या) पाण्याला काहीच नाही, असं ठेवलं तर अनकॉमनचा तोल राहतो.

वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब वापरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास. कॅम्पेनच्या दिनदर्शिकेत तिथी लिहिली की कुलाबा किल्ल्यासारख्या जागी पायी कधी जाता येईल आणि ही वस्तू कधी भरेल, दोन्ही एकाच आकड्यातून निघतं.

चार्जची नोंद कशी ठेवायची?

जुलैच्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि खोडरबराने फाटतो. प्रत्येक वस्तूचं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि वर चार्जइतके चिंचोके ठेवा. वापरला की एक उचलायचा. मोबाइलमधल्या शीटवर विसंबू नका, लाईट गेली आणि चार्जिंग संपलं की सेशन थांबतं.

कॅरॅक्टर मेला आणि परत उठवला, तर वस्तूंचं काय?

मरताना तिन्ही अट्यूनमेंट तुटतात. रिव्हिव्हिफाय या मंत्राने मिनिटाभरात उठवलं तरी तो एका हिट पॉइंटवर, क्लोक ऑफ प्रोटेक्शनच्या +१ शिवाय आणि अम्युलेटमधून मिळालेल्या हिट पॉइंट्सशिवाय उठतो. तिन्ही परत जोडायला तीन वेगवेगळे शॉर्ट रेस्ट, म्हणजे तीन तास. किल्ल्याच्या आत हे घडलं तर पहिल्या तासात बचावाची वस्तू जोडा, शस्त्र सर्वांत शेवटी, आणि तोवर एसी आणि कमाल हिट पॉइंट्स शीटवर पेन्सिलीने खाली आणून ठेवा.